वाचकांचे प्रश्न : अंडाशय आणि किडनीच्या कर्करोगासाठी नेमकी अँटिबॉडी

या अंकासाठी आलेल्या पत्रांत सर्वाधिक विचारणा अंडाशय आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या अँटिबॉडी औषधांबद्दल होती. काही पत्रं विद्यार्थ्यांची आहेत, काही घरात उपचार चालू असलेल्यांची. उत्तरं कर्करोगतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट आणि अँटिबॉडीवर काम करणारे संशोधक यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : अंडाशय कुठे आणि किडनी कुठे! तरी नव्या औषधांच्या बातम्यांत या दोन कर्करोगांची नावं जोडीनं का येतात?

कारण गर्भात त्यांचं मूळ शेजारचं आहे. मूत्रपिंड आणि स्त्रीच्या बीजवाहिन्या एकाच पेशीपट्ट्यातून घडतात. अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, म्हणजे हाय-ग्रेड सिरस, हा बहुतेक वेळा बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो. त्यामुळे या गाठी आणि मूत्रपिंडाच्या गाठी यांच्यात जन्मखुणा सामाईक असतात. पॅक्स८ हे प्रथिन दोन्हींत सापडतं. शरीरात इतरत्र पसरलेली गाठ मुळात कुठली, हे ओळखताना पॅथॉलॉजिस्ट त्याचा रोज आधार घेतात.

पण पॅक्स८ पेशीच्या केंद्रकात बसतं आणि शिरेतून दिलेली अँटिबॉडी तिथं पोचू शकत नाही. तिला पेशीच्या बाहेरच्या अंगावर काहीतरी हवं. असं एक सामाईक प्रथिन म्हणजे कॅडहेरिन-६, संशोधकांच्या भाषेत सीडीएच६. शेजारशेजारच्या पेशी धरून ठेवणं हे त्याचं काम. मूत्रपिंड घडताना ते लागतं, पुढे बहुतेक अवयवांत कमी होतं आणि या दोन्ही कर्करोगांत पुन्हा ठळकपणे दिसतं. म्हणूनच सीडीएच६वरच्या औषधांच्या पहिल्या चाचण्यांत दोन्हीकडचे रुग्ण एकत्र घेतले गेले.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण निशाणा, म्हणजे अँटिबॉडी ज्याला चिकटते ते प्रथिन, निवडण्यातलं सगळं मर्म तिच्यात आहे. अंडाशयाच्या गाठींवर सापडणारा फोलेट रिसेप्टर अल्फा निरोगी मूत्रपिंडातही भरपूर असतो. मग त्यावरच्या औषधानं किडनी का जळत नाही? मूत्रपिंडात हा रिसेप्टर नलिकेच्या आतल्या, लघवीच्या बाजूला असतो. अँटिबॉडीचं वजन सुमारे दीड लाख डाल्टन. इतका मोठा रेणू निरोगी किडनीच्या गाळणीतून उतरतच नाही, त्यामुळे तो रिसेप्टर तिच्या हाती लागत नाही. गाठीत मात्र पेशींची ही दिशाबद्ध रचना मोडते आणि रिसेप्टर रक्ताच्या बाजूनं उघडा पडतो. ‘हे प्रथिन निरोगी अवयवात आहे का’ एवढंच विचारून यादीतली नावं खोडणाऱ्यांच्या हातून असे चांगले निशाणे सुटतात. प्रथिन कोणत्या बाजूला आहे, हेही विचारावं लागतं.

प्रश्न : मी बायोटेक्नॉलॉजीची विद्यार्थिनी आहे. औषध जोडलेली अँटिबॉडी बनवण्याच्या पायऱ्या कोणत्या आणि कुठे बिनसतं, हे पाठ्यपुस्तकापेक्षा जरा सविस्तर सांगाल का?

अशी अँटिबॉडी म्हणजे विषारी औषध कर्कपेशीपर्यंत वाहून नेणारी अँटिबॉडी. सुरुवात निशाण्याच्या मोजणीपासून करा. नुसत्या आरएनएच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. आरएनए भरपूर आणि पृष्ठभागावर प्रथिन नाममात्र, असं वारंवार घडतं. कॅलिब्रेशन बीड्स वापरून फ्लो सायटोमेट्रीनं एका पेशीवर किती रेणू आहेत ते काढा. आकडा काही हजारांतच असेल, तर जोडलेलं औषध पेशी मरण्याइतकं आत पोचवणं फार अवघड जातं. लाखाच्या आसपास असेल, तर कामाला जागा आहे.

अँटिबॉडी उंदरांना लस टोचून मिळवा किंवा फाज लायब्ररीतून, पहिली चाळणी बहुधा एलायझावर (प्लेटवरची चिकटण्याची चाचणी) होते आणि फसगतही तिथेच होते. प्लेटवर चिकटवलेलं प्रथिन आपला नैसर्गिक आकार सोडतं. तिथं उत्तम चिकटणारा क्लोन, म्हणजे निवडीतली एखादी अँटिबॉडी, जिवंत पेशीवर गप्प बसलेला दिसतो. म्हणून एकाच पेशीवंशाच्या दोन आवृत्त्या हाताशी ठेवा: एकीत ते जनुक शाबूत, दुसरीत क्रिस्परनं काढून टाकलेलं. दुसरीलाही चिकटणारा क्लोन, मग तो कितीही देखणा दिसो, बाद करा.

चिकटण्याची ताकद सहसा नॅनोमोलरच्या आसपास पुरते. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, हा समज सोडून द्या. फार घट्ट धरणारी अँटिबॉडी रक्तवाहिनीलगतच्या पहिल्या थरातल्या पेशींवरच अडकते आणि गाठीच्या आतला भाग कोरडा राहतो. त्यानंतरची कसोटी आत शिरण्याची. आम्लात चमकणारा रंग अँटिबॉडीला जोडून पेशींवर सोडा. ती लायसोसोममध्ये पोचली तर काही तासांत चमक वाढते. चमक वाढली नाही, तर अँटिबॉडी पृष्ठभागावरच तरंगते आहे. अशीला विष जोडून उपयोग नाही. रोगप्रतिकारक पेशींना बोलावण्याच्या कामी ती कदाचित येईल.

मानवी रूप दिलेली अँटिबॉडी पुढे सीएचओ (हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या) पेशींत वाढवतात. एक फेरी १२ ते १४ दिवसांची असते आणि चांगल्या क्लोनपासून लिटरला ३ ते ५ ग्रॅम मिळू शकतात. मग प्रोटीन ए स्तंभ, विषाणू निकामी करण्यासाठी पीएच ३.५च्या आसपास साधारण ६० मिनिटं, आयन एक्स्चेंज आणि शेवटी २० नॅनोमीटरची विषाणू-गाळणी. आम्लातल्या त्या तासाभरात काही अँटिबॉडींचे गोळे होतात. हे आधी छोट्या प्रमाणावर तपासलं नाही, तर मोठी बॅच हातची जाते.

जोडणी ही सगळ्यात नाजूक पायरी. सिस्टीनवर जोडायचं असेल तर अँटिबॉडीच्या साखळ्यांमधले चार डायसल्फाइड बंध अर्धवट उघडतात. अँटिबॉडीच्या एका मोलला टीसीईपी (हे बंध उघडणारं रसायन) साधारण २ ते २.५ मोल, ३७ अंश सेल्सिअस, एक ते दोन तास, असं धरलं तर सरासरी चार रेणू जोडता येतात. नेमका आकडा प्रत्येक अँटिबॉडीसाठी वेगळा निघतो, म्हणून ०.२ मोलच्या फरकानं पाच-सहा छोट्या नळ्या लावूनच तो ठरवा. मॅलेइमाइड (सिस्टीनला चिकटणारा जोड) असलेलं औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवून हळूहळू घाला आणि एकूण डीएमएसओ १० टक्क्यांच्या आत ठेवा. ते एकदम ओतलं की द्रावण गढूळ होतं, आणि गढूळ झालेलं परत निवळत नाही. उरलेलं औषध एन-ॲसिटिल सिस्टीननं थांबवा आणि गाळून पूर्ण काढा. मोकळं राहिलेलं विष थेट रक्तात जाणार असतं.

तपासणीत एचआयसीवर (तेलकटपणानुसार रेणू वेगळे करणारा स्तंभ) दर अँटिबॉडीमागे किती रेणू बसले ते दिसतं. सरासरी चार आली म्हणून खूश होऊ नका, शिखरं बघा. शून्य रेणूवाली अँटिबॉडी गाठीवरची जागा अडवते. आठ तेलकट रेणूवाली यकृतात लवकर उचलली जाते. डेरक्सटेकान हे विष जोडलेल्या औषधांच्या गटात आठ रेणू चालतात, कारण तिथला जोड आणि औषध मिळून पाण्याला तितके परके नाहीत. एसईसीवर (आकारानुसार रेणू वेगळे करणारा स्तंभ) गोळ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेलं, तर ती बॅच प्राण्यांतही वापरू नये. मॅलेइमाइड जोडाची आणखी एक खोड म्हणजे रक्तात तो सुटून अल्ब्युमिनला जाऊन चिकटतो. म्हणून सात दिवस मानवी प्लाझ्मात ३७ अंशाला ठेवून किती औषध गळतं ते आधीच मोजा.

आणि हे सगळं बंदिस्त कपाटात. ही विषं इतक्या अल्प मात्रेत काम करतात की उघड्या तराजूवर ती तोलण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : आईच्या बायोप्सीच्या अहवालात ‘एफओएलआर१ पॉझिटिव्ह, ८० टक्के पेशी, २+ किंवा अधिक’ असं आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा अहवाल ६० टक्के असून निगेटिव्ह म्हटला आहे. साठ टक्के म्हणजे निगेटिव्ह कसं?

हा प्रश्न अनेकांना छळतो आणि तो अगदी रास्त आहे. एफओएलआर१ म्हणजेच वर आलेला फोलेट रिसेप्टर अल्फा. त्यावरचं औषध मिर्वेटक्सिमॅब सोरावटॅन्सिन देण्यासाठी ठरलेली मर्यादा अशी: जिवंत कर्कपेशींपैकी किमान ७५ टक्के पेशींच्या आवरणावर मध्यम (२+) किंवा गडद (३+) रंग दिसला पाहिजे. फिकट, १+ रंगाच्या पेशी मोजत नाहीत. पेशीच्या पोटातला रंगही मोजत नाहीत, फक्त आवरणावरचा. शेजारच्या बाईंच्या गाठीवर रिसेप्टर नाही असं त्यांचा अहवाल म्हणत नाही. या औषधाला पुरेल इतका नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही मर्यादा कठोर का, याचं उत्तर एका फसलेल्या चाचणीत आहे. ‘फॉरवर्ड वन’ या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ३६६ स्त्रिया होत्या. तिथं रंगाची गडदता न तोलता, सूक्ष्मदर्शकाच्या १०X भिंगाखाली आवरणावर रंग दिसतो का, एवढंच पाहून टक्केवारी काढली. चाचणी अपयशी ठरली. नंतर त्याच काचपट्ट्या गडदतेसह पुन्हा मोजल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश स्त्रियांच्या गाठींवर रिसेप्टर कमीच असल्याचं निघालं. औषध तेच होतं, माणसं निवडण्याची मोजपट्टी सैल होती. पुढच्या ‘मिरासोल’ चाचणीत ४५३ स्त्रिया ७५ टक्क्यांच्या कडक मर्यादेनं घेतल्या. प्लॅटिनमयुक्त केमोथेरपीला दाद न देणाऱ्या आजारात मध्यक आयुर्मान १६.४६ महिने आलं, नेहमीच्या केमोथेरपीत १२.७५. गाठ लक्षणीय आटण्याचं प्रमाण ४२.३ विरुद्ध १५.९ टक्के. चार महिन्यांच्या आसपासचा हा फरक लहान वाटेल. पण या टप्प्यावर याआधी आयुष्य वाढवून दाखवणारं औषध सापडणं फार दुर्मीळ होतं.

अहवाल चुकतो तो बहुधा नमुन्यामुळे. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायला उशीर झाला, फॉर्मॅलिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, तर रंग फिका पडू शकतो. केमोथेरपीनंतर काढलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशीच जास्त असतात. साधारण शंभर जिवंत कर्कपेशी तरी मिळाल्या नाहीत, तर टक्केवारीला अर्थ राहत नाही. म्हणून निगेटिव्ह अहवाल हाती आला की पॅथॉलॉजिस्टना दोन गोष्टी विचारा: तुकड्यात जिवंत कर्कपेशी पुरेशा होत्या का, आणि आकडा मर्यादेच्या किती जवळ होता? ७० टक्के आला असेल तर दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) चाचणी करून बघणं योग्य आहे. १० टक्के असेल तर पुन्हा तपासून सहसा काही हाती लागत नाही. जुना पॅराफिन ब्लॉक चालतो, त्यासाठी प्रत्येक वेळी नवी बायोप्सी लागत नाही.

प्रश्न : बहिणीचं वजन ७० किलो, पण मिर्वेटक्सिमॅबचा डोस ५६.५ किलोवर काढला आहे. औषध कमी तर पडणार नाही ना?

नाही. मिर्वेटक्सिमॅबचा डोस प्रत्यक्ष वजनावर नव्हे, समायोजित आदर्श वजनावर काढतात. स्त्रीसाठी आदर्श वजन म्हणजे सेंटिमीटरमधल्या उंचीला ०.९ने गुणून ९२ वजा. उंची १५५ असेल तर ४७.५ किलो. प्रत्यक्ष वजनातला जादा भाग २२.५ किलो, त्याचे ४० टक्के म्हणजे ९. बेरीज ५६.५. किलोला ६ मिलिग्रॅमप्रमाणे डोस ३३९ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. प्रत्यक्ष वजनावर तो ४२० झाला असता. शरीरात औषधाची पातळी जास्त झाली की डोळ्यांचा त्रास वाढतो असं सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलं, म्हणून ही पद्धत आली.

औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात, मिठाच्या सलाइनमध्ये चालत नाही. नळीत ०.२ मायक्रॉनची गाळणी लागते. वेग सुरुवातीला मिनिटाला १ मिलिग्रॅम, सोसलं तर अर्ध्या तासानं ३ आणि आणखी अर्ध्या तासानं ५. तुमच्या बहिणीच्या डोसला पावणेदोन तासांच्या आसपास लागतील.

प्रश्न : पोटाच्या आजाराला डोळ्यांत थेंब कशासाठी?

मिर्वेटक्सिमॅबला जोडलेलं डीएम४ हे विष पेशींच्या विभाजनाचा सांगाडा मोडतं. बुबुळावरचा पातळ थर सतत नव्यानं बनत असतो, त्यामुळे त्याला याची झळ बसते. दिसणं धूसर होतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, उजेड सोसत नाही. त्रास साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होतो. पहिल्या सलाइननंतर काही झालं नाही म्हणून थेंब सोडून देणं, ही आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक.

वेळापत्रक असं. सलाइनच्या आदल्या दिवसापासून चौथ्या दिवसापर्यंत स्टेरॉइडचा एकेक थेंब दोन्ही डोळ्यांत, दिवसातून ६ वेळा. पाचव्या ते आठव्या दिवशी ४ वेळा. ओलावा देणारे थेंब रोज किमान ४ वेळा, पूर्ण उपचार चालू असेपर्यंत. दोन प्रकारच्या थेंबांत किमान १० मिनिटांचं अंतर ठेवा, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालायची नाही. नेत्रतपासणी उपचाराआधी आणि पहिल्या आठ फेऱ्यांत एकाआड एक फेरीला. त्रास झाला तर फेरी पुढे ढकलतात, मग डोस किलोला ५ आणि लागल्यास ४ मिलिग्रॅमवर आणतात. बहुतेकांची नजर सुधारते. मात्र कळवायला उशीर केला तर औषधच बंद करण्याची वेळ येऊ शकते.

प्रश्न : वडिलांना किडनीचा क्लिअर सेल कर्करोग आहे. त्यांच्यासाठी असं विष जोडलेलं औषध का नाही?

प्रयत्न बरेच झाले. ईएनपीपी३ या प्रथिनावरचं एजीएस-१६सी३एफ दुसऱ्या टप्प्यात ॲक्सिटिनिबच्या गोळ्यांसमोर उभं केलं, तेव्हा गोळ्याच सरस ठरल्या. अडचणीचं एक कारण पेशींच्या मूळ स्वभावात आहे. हा कर्करोग मूत्रपिंडातल्या ज्या नलिकांतून उगवतो, त्यांचं कामच नको ते पदार्थ बाहेर फेकणं. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप तिथं आधीपासून चालू असतो आणि सांगाडा मोडणारी बरीच विषं तो परतवून लावतो. नेहमीची केमोथेरपीही या कर्करोगात अशीच दुबळी ठरते. म्हणून आता वेगळ्या पद्धतीनं, डीएनएच्या गाठी सोडवणारं एन्झाइम अडवून मारणारी विषं जोडून पाहिली जात आहेत.

कार्बोनिक ॲनहायड्रेज ९ हा निशाणा कागदावर तर आदर्शच. क्लिअर सेल गाठींत व्हीएचएल जनुक बहुधा निकामी झालेलं असतं आणि त्यामुळे हे प्रथिन पेशीवर दाटीनं येतं. त्यावरची जिरेंटक्सिमॅब ही नुसती, काहीही न जोडलेली अँटिबॉडी शस्त्रक्रियेनंतर ८६४ रुग्णांच्या चाचणीत वापरली. आजार परतण्यात फरक पडला नाही. मात्र तिलाच किरणोत्सर्गी झिर्कोनियम-८९ जोडून काढलेल्या पेट स्कॅनमध्ये मूत्रपिंडातली लहान गाठ क्लिअर सेल आहे का, हे सुमारे ८६ टक्के संवेदनशीलतेनं ओळखता आलं. याचा अर्थ ती गाठीपर्यंत पोचत होती, पोचून तिथं पुरेसं काही करत नव्हती. आणि हा निशाणाही पूर्ण मोकळा नाही, कारण हे प्रथिन पित्तनलिकांवर असतं. त्यावर नेमलेल्या टी-पेशींच्या चाचणीत यकृताला इजा झाली होती.

वडिलांसाठी अँटिबॉडी आजही आहेतच. त्या गाठीवर नव्हे, प्रतिकारशक्तीच्या ब्रेकवर काम करतात. निव्होलुमॅबला २०१५मध्ये या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली, इपिलिमुमॅबसोबतच्या जोडीला २०१८मध्ये. शस्त्रक्रियेनंतर आजार परतण्याचा धोका जास्त असलेल्यांना पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, सुमारे वर्षभर देतात. चार वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण त्यात ९१.२ टक्के होतं, प्लासिबो गटात ८६.० टक्के. यांचे दुष्परिणाम वेगळे असतात. आतड्याचा, थायरॉइडचा, यकृताचा दाह शेवटच्या सलाइननंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. त्यामुळे नव्यानं जुलाब लागले तर घरगुती गोळीवर भागवू नका, आधी कर्करोगतज्ज्ञांना फोन करा.

प्रश्न : सीए-१२५ तर अंडाशयाच्या कर्करोगाची खूण. त्यावरच अँटिबॉडी का नाही?

सीए-१२५ पेशीवरून तुटून रक्तात आणि पोटातल्या पाण्यात तरंगत असतं. अँटिबॉडी त्या तरंगत्या तुकड्यांवरच संपते. सीए-१२५ची नक्कल करून प्रतिकारशक्ती जागवू पाहणारी अबागोवोमॅबही ८८८ स्त्रियांच्या चाचणीत निष्फळ ठरली, ओरेगोवोमॅबचंही तेच झालं. व्यवहारात एक खबरदारी हवी: ज्यांना पूर्वी उंदराच्या प्रथिनांची अँटिबॉडी दिली आहे, त्यांच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार झालेलं असतं आणि सीए-१२५चा आकडा खोटा येऊ शकतो. प्रयोगशाळेला तसं आधी सांगावं.

प्रश्न : सीडीएच६वरच्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्याबद्दल विचारणा झाली आहे. आम्ही काय विचारावं?

विष कोणतं जोडलं आहे, हे सर्वांत आधी विचारा. सीडीएच६वरचं एचकेटी२८८ हे औषध डीएम४ जोडलेलं होतं. त्याची चाचणी पहिल्याच टप्प्यात थांबवावी लागली, कारण झटके आणि बोलण्यात अडखळणं यांसारखे मेंदूचे त्रास झाले. प्राण्यांवरच्या अभ्यासातून त्यांची अपेक्षा नव्हती. डीएम४ जोडलेल्या मिर्वेटक्सिमॅबमध्ये असं चित्र नाही. त्यामुळे ‘हे विष आधी वापरलेलं आहे, सुरक्षित आहे’ या उत्तरावर थांबू नका. याच निशाण्यावर आणि याच विषासह, दोन्ही मिळून किती माणसांत वापरलं गेलं आहे, ते विचारा.

त्याच निशाण्यावरचं रालुडोटाटग डेरक्सटेकान वेगळ्या विषाचं आहे आणि ते बरंच पुढे गेलं आहे. त्यात किलोला ८ मिलिग्रॅमचा डोस सोसला नाही म्हणून सोडला आणि ४.८ ते ६.४ या पट्ट्यात काम चालू ठेवलं. तुम्हाला कोणता डोस मिळणार, हे संमतिपत्रात लिहिलेलं असतं; नसेल तर लिहून मागा. गाठीवर सीडीएच६ किती आहे हे आधी तपासणार का, आणि तपासलं तर तो आकडा तुम्हाला सांगणार का, हेही विचारून ठेवा.

डेरक्सटेकान गटाचा मोठा धोका फुफ्फुसांच्या दाहाचा. सुरुवातीला छातीचं सीटी स्कॅन करून घेतात. पूर्वी फुफ्फुसांचा असा आजार झाला असेल तर तो लपवू नका. कोरडा खोकला, जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप किंवा बारीक ताप, यांतलं काहीही आलं तर त्याच दिवशी कळवा. सर्दी समजून पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. दाह फक्त स्कॅनमध्ये दिसत असताना औषध थांबवलं तर तो बहुधा ओसरतो आणि पुढे उपचार पुन्हा सुरू करता येतात. लक्षणं उमटल्यानंतर मात्र स्टेरॉइड द्यावी लागतात आणि हे औषध कायमचं बंद होतं.